सॉफ्टवेअर टाकायला बंदी, मग काम कसं उरकायचं?

शुक्रवारचा_हमाल:
दर शुक्रवारी अकरा गोदामांच्या अकरा एक्सेल फाइली येतात. मी त्या एकेक उघडून, कॉपी करून एका शीटमध्ये चिकटवतो. चार तास जातात. एक छोटं सॉफ्टवेअर हे मिनिटात करतं, पण ऑफिसच्या मशीनवर काही टाकायचं तर आयटीची परवानगी लागते आणि माझा अर्ज तीन आठवडे पडून आहे. 'सॉफ्टवेअर इन्स्टॉल करू नये' एवढाच नियम आहे. मॅक्रोबद्दल (एक्सेलच्या आतच लिहिलेला, तीच तीच कामं आपोआप करणारा छोटा प्रोग्राम) त्यात अवाक्षर नाही. मग मॅक्रो लिहिला तर चालेल ना?

उंचउडी:
बिनधास्त लिहा! १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये उंच उडीत अमेरिकेचा डिक फॉस्बरी पाठ खाली करून आडव्या दांडीवरून गेला. नियम एकच होता, उडी एका पायावर घ्यायची. दांडी कशी ओलांडायची हे कुणी लिहिलंच नव्हतं. २.२४ मीटर, सुवर्णपदक. (खाली फोमची गादी होती म्हणून निभावलं. वाळूवर मान मोडून घेतली असती.)

जुनं_खोड:
उंचउडी, तुमच्या कंसातच खरी गोष्ट आहे. नियमात फट सापडली तरी खाली गादी हवी. ऑस्ट्रेलियाचा गोलंदाज डेनिस लिली यानंही १९७९ मध्ये पर्थला अ‍ॅल्युमिनियमची बॅट आणली होती. बॅट लाकडाचीच हवी असं तेव्हा क्रिकेटच्या कायद्यात नव्हतं. इंग्लंडनं तक्रार केली, पंचांनी बॅट बदलायला लावली, यानं ती मैदानात भिरकावली. पुढच्याच वर्षीच्या कायद्यात लाकूड आलं.

हमालसाहेब, आयटीवाल्यांना धाक बाहेरून येणाऱ्या कोडचा असतो. १९९९ चा मेलिसा व्हायरस वर्डच्या मॅक्रोतूनच पसरला होता. म्हणजे तुम्ही नेमकं त्यांच्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवताय. शब्दांत सुटाल, पण साहेबांपुढे उभं राहावं लागेलच. त्यापेक्षा एक्सेलच्या 'डेटा' टॅबमध्ये जा. २०१६ पासून पॉवर क्वेरी (बाहेरच्या फाइलींतला डेटा ओढून एकत्र जोडणारी सोय) आतच आहे. 'गेट डेटा', त्यात 'फ्रॉम फाइल', मग 'फ्रॉम फोल्डर'. अकराही फाइली एका फोल्डरमध्ये टाका, एकदा जोडून घ्या, दर शुक्रवारी नव्या फाइली त्याच जागी ठेवून फक्त 'रिफ्रेश'. ना इन्स्टॉल, ना मॅक्रो.

उंचउडी:
हे मला ठाऊकच नव्हतं. मीही आजवर मॅक्रोच कुटत बसलोय.

शुक्रवारचा_हमाल:
आज केलं. सगळ्या फाइलींत शीटचं नाव एकच हवं, हे कळायला अर्धा तास गेला. दहा फाइली सुरळीत आल्या. सात नंबरच्या गोदामात मात्र तारखेच्या रकान्यात कुणीतरी 'काल' असं टाइप केलंय, तिथं 'एरर' येतोय. त्या माणसाला फोन लावलाय. तो म्हणतो, काल म्हणजे कालच.