शब्दचर्चा : मफतूल की ‘इस्रायली कूसकूस’?

प्रश्न : एक पाककृती मराठीत आणतेय. मुळात ‘मफतूल’ आहे, पण दुकानात मिळालेल्या पाकिटावर ‘इस्रायली कूसकूस’ लिहिलंय. दोन्ही साबुदाण्यासारखे गोल. तेच नाव दिलं तर चालेल ना?

— नाही चालणार. नावं दोन आहेत आणि पदार्थही दोन.

मफतूल पॅलेस्टिनी. अरबीत ‘फतल’ म्हणजे पिळणं, वळणं. मफतूल म्हणजे वळलेलं. त्याच धातूतली ‘फतीला’, म्हणजे वात, फारसीमार्गे आपल्याकडे आली आणि पलिता झाली. करायची रीत अशी : उकडून, वाळवून भरडलेला गहू जरा ओला करायचा, वरून पीठ भुरभुरायचं आणि परातीत तळहात गोल गोल फिरवत राहायचं. पिठाचे थर चढून दाणा मोठा होतो, मग वाफवायचा. रुखवताचे गव्हले ज्यांनी वळलेत त्यांना जास्त सांगायला नको.

‘इस्रायली कूसकूस’ हे बाहेरच्या बाजारातलं नाव. इस्रायलमध्ये त्याला ‘प्तितिम’ म्हणतात, म्हणजे कण, चुरा. 1950 च्या दशकात तिथे रेशनिंग होतं, तांदूळ मिळेना, आणि अरब देशांतून आलेले ज्यू तर भातखाऊ. पंतप्रधान बेन-गुरियन यांनी ओसेम कंपनीला गव्हाचं काहीतरी काढायला सांगितलं. यंत्रातून पाडून भाजलेले ते कण आधी तांदळाच्याच आकाराचे होते. लोक ‘बेन-गुरियनचा भात’ म्हणत. गोल दाणे नंतरचे. (लिहिताना ‘प्तितिम’च लिहा. ‘पतितिम’ केलंत तर पंगतीत पतितपावन अवतरतील.)

— नावात एवढं काय ठेवलंय? पोटात गेल्यावर सगळं एकच.

— 1948 मध्ये इस्रायल झाल्यावर ज्या पॅलेस्टिनींच्या गावांची नावं नकाशावरून गेली, त्यांना ताटातलं नाव गेलेलंही लागतं. काकडी-टोमॅटोची बारीक चिरलेली कोशिंबीर परदेशात ‘इस्रायली सॅलड’ म्हणून विकली जाते. खुद्द इस्रायलमध्ये तिला ‘सलात अरवी’, अरबी सॅलड, असंही म्हणतात. म्हणजे घरात अरबी आणि उंबरा ओलांडला की इस्रायली! झातरचं तर आणखी पुढे गेलं. डोंगरउतारावरची ही रानवनस्पती 1977 मध्ये इस्रायलने संरक्षित ठरवली आणि पिढ्यान्‌पिढ्या ती खुडणाऱ्या अरबांना दंड होऊ लागले.

दुसरी बाजूही आहे. बगदाद, हलब (सीरियातलं अलेप्पो), कैरोहून आलेल्या ज्यूंच्या घरी असलं जेवण आधीपासूनच होतं, त्यांनी ते कुणाकडून उचललेलं नाही. त्यांनी हुम्मुस (काबुली चण्यांचं वाटण) खाण्याला माझी हरकत नाही. हरकत पाकिटावरच्या विशेषणाला आहे.

— आमची आत्या अश्दोदला असते, आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. तिच्याकडे नातवंडांच्या डब्यात प्तितिम असतात, कांदा परतून. आणि एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या, नावाने अजून पोहे, गूळ, खोबऱ्याचा मलिदा होतो. त्याला ‘इस्रायली पोहे’ म्हटलं तर आत्या लाटणं घेऊन धावेल.

— मलिदाही फारसीच बरं का. ‘मालीदन’, म्हणजे चोळणं, मळणं. मफतूल वळलेलं, मलिदा मळलेला.

— ठरलं मग. ‘मफतूल, गव्हल्यांसारखे हाताने वळलेले’ असं लिहिते. पण लिंग कोणतं? तो, ती की ते?

— गव्हले अनेकवचनी, तसेच ‘ते मफतूल’ करा. ‘मफतूल शिजले.’ कानाला बरं लागतं.