मदत हवी आहे: पॉलिहाऊसमधली रंगीत ढोबळी मिरची, रोपांत अंतर किती अन् फांद्या दोन की चार?

राम राम मंडळी,

जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यात आमचं १० गुंठ्यांचं पॉलिहाऊस उभं राहिलंय. २८ बाय ३६ मीटर, आत ठिबक अन् फॉगर. आजवर वावरात कापूस, तूर अन् थोडी मोसंबी. बंदिस्त शेती घरात पहिल्यांदाच. ऑगस्टच्या सुरुवातीला ढोबळी लावायची ठरलीय, अर्धी लाल बॉम्बी, अर्धी पिवळी ओरोबेल, हे दोन वाण. आता नर्सरीत रोपं सांगायची वेळ आली अन् आकड्यावरच गाडी अडली.

बेड तयार आहेत. वरून ९० सेंमी रुंद, मधे ५० सेंमीची वाट, एकूण १९ बेड, प्रत्येक ३४ मीटर लांब. बेडवर दोन ओळी, रोपं नागमोडी. नर्सरीवाले म्हणतात ३० सेंमीवर लावा, म्हणजे ४,३०० च्या आसपास रोपं. शेजारच्या गावात एकानं ४५ सेंमीवर लावलीय, त्या हिशेबानं २,८७० पुरतात. रोप नऊ-दहा रुपयांना, म्हणजे फरक १३-१४ हजारांचा.

पैसा एक भाग झाला, खरी काळजी फांद्यांची आहे. ३० सेंमीवाले झाडाला दोन फांद्या ठेवा म्हणतात, ४५ वाले चार. चार ठेवल्या की फळ बारीक राहतं, मुंबईचा व्यापारी बाजूला काढतो, असं एक म्हणतो. दोन ठेवल्या की पाला कमी पडून फळाला ऊन लागतं, असं दुसरा. यूट्यूबवर बघितलं तर सगळे व्हिडिओ पुणे-बंगळूरकडचे. आमच्याकडं एप्रिलात पारा चाळिशी ओलांडतो, ती हवा वेगळी अन् ही वेगळी.

माणसांचं सांगतो. घरचे आम्ही तिघं, मी, बायको अन् आई. रोजानं बाया मिळतात, पण कापूस वेचणी लागली की दिवाळीच्या पुढं-मागं कुणी फिरकत नाही, अन् फांद्या बांधायचं काम नेमकं तेव्हाच जोरात असणार. ज्यांनी मराठवाड्यात ढोबळी केलीय त्यांनी कृपया सांगा. कर्ज काढून उभं केलंय, पहिलं पीक सांभाळायचंय.

प्रतिसाद, लातूरहून:

भाऊ, आधी रोपं मोजणं सोडा, फांद्या मोजा. ऊन, पाणी, खत सगळं फांदीला लागतं अन् फळही फांदीवरच येतं.

तुमचेच आकडे घेतो. ३० सेंमीवर ४,३०० रोपं, प्रत्येकी दोन फांद्या, झाल्या ८,६००. ४५ सेंमीवर २,८७० रोपं, चार फांद्या, झाल्या साडेअकरा हजारांच्या घरात. जागा तीच, १,००८ चौरस मीटर. म्हणजे पहिल्या पद्धतीत चौरस मीटरला साडेआठ फांद्या अन् दुसऱ्यात साडेअकरा. फळ बारीक का होतं ते इथंच कळतं. चार फांद्यांचा दोष नाही, एकूण गर्दीचा आहे. हॉलंडच्या काचगृहात चौरस मीटरला साधारण ६ ते ७ फांद्या ठेवतात. त्यांच्याकडं हिवाळ्यात उजेड कमी, आपल्याकडं भरपूर, म्हणून आपण थोडं पुढं जाऊ शकतो.

आता बघा, ४५ सेंमीवर लावून झाडाला तीन फांद्या ठेवल्या तर? २,८७० गुणिले तीन, पुन्हा ८,६००. फांद्या तितक्याच अन् रोपं १,४०० नं कमी. तुमच्या जागी मी हेच करीन. रोपाचे पैसे वाचतात हे तर आहेच, पण मुख्य म्हणजे बुंध्याशी हवा खेळते. दाट लावलं की फवारा आतल्या पानापर्यंत जात नाही आणि फुलकिडे, कोळी तिथंच घर करतात. ढोबळीवर भुरी पानाच्या खालच्या बाजूनं येते, वरून नुसते पिवळट डाग दिसतात. पान उलटून बघायला हात आत गेला पाहिजे.

बोअरचं पाणी जड असेल, तर लागवडीआधी माती आणि पाणी दोन्ही तपासून घ्या. खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र तुम्हाला जवळ आहे.

प्रतिसाद, पैठण तालुक्यातून:

दादा, मी आणि माझी जाऊ आमच्या पॉलिहाऊसमधली छाटणी-बांधणी हातानं करतो, म्हणून कामाचं सांगते.

रोप लावल्यावर महिनाभरानं नऊ-दहा पानांवर झाड आपोआप दोन फांद्यांत फुटतं. त्या बेचक्यात पहिलं फूल येतं, ते खुडायचं. जीव होत नाही, पण खुडायचंच. ते फळ धरलं की झाड तिथंच बसतं. बेचक्याच्या खालचे फुटवे सगळे काढायचे. पुढं दोन्ही फांद्या पुन्हा फुटतात, तेव्हा चार दिसतात. त्यातली सगळ्यात बारीक किंवा बेडच्या आत वळलेली शेंड्यात मोडायची आणि बाकी तिन्हीला सुतळी द्यायची. आधीच तीनचा हट्ट धरू नका, चार फुटू द्या, मग निवडा.

त्यानंतर प्रत्येक पेऱ्यावर दोन फुटवे निघतील. जोमदार तो वर न्यायचा. दुसरा मुळापासून काढू नका, त्याची दोन पानं ठेवून शेंडा खुडा. आपल्याकडच्या उन्हात हीच दोन पानं फळाला सावली देतात. पान नसलेल्या बाजूला फळाच्या खांद्यावर आधी पांढरट, कागदासारखा पातळ चट्टा पडतो आणि मग तिथं काळी बुरशी चढते. ते फळ कुणी घेत नाही. फेब्रुवारीनंतर तर छाटणी अजून हलकी करा आणि दुपारची आतली शेडनेट ओढा. ३५ अंशांच्या वर फूल गळतं, त्याला फांद्या कमी-जास्त करून काही उपाय नाही.

दर आठ-दहा दिवसांनी फेरी लागते. फुटवा बोटभर असतानाच सकाळी हातानं मोडायचा, कट्कन तुटतो आणि जखम लहान राहते. उशीर झाला की कात्री लागते आणि रोग कात्रीबरोबर पुढच्या झाडावर जातो. बायांना लावलं तर एक गोष्ट कडक सांगा, तंबाखू मळलेल्या हातानं झाडाला हात लावायचा नाही. तंबाखूतला विषाणू ढोबळीलाही लागतो. आम्ही दाराशीच साबण आणि पाण्याची बादली ठेवतो, आणि ओळ बदलताना हात पातळ दुधात बुडवतो.

वेचणीचं म्हणाल तर दोन बायांशी आत्ताच बोलून ठेवा, आठवड्यातले ठरलेले दोन दिवस, मजुरी थोडी जास्त देऊन. पहिले दोन महिने फेरी चुकली तर झाडाचं झुडूप होतं आणि मग ते वळणावर येत नाही.

मूळ प्रश्नकर्ता:

दादा, ताई, लई उपकार झाले. साडेआठ फांद्यांचा हिशेब घरी वहीवर मांडून दाखवला, आईलाही पटला. ४५ सेंमी अन् तीन फांद्या नक्की करतो. एकच शंका राहिली. मर लागून मधलंच झाड गेलं तर ४५ वर मोठी खिंड पडणार, तिथं काय करायचं?

प्रतिसाद, लातूरहून:

लागवडीपासून तीन आठवड्यांच्या आत गेलं तर नवं रोप लावा, म्हणून नर्सरीत शंभराला पाच जादा सांगा. त्यानंतर गेलं तर नवं रोप सावलीत दबतं. तेव्हा मेलेलं झाड मुळासकट, भोवतालच्या मातीसह बाहेर काढायचं आणि दोन्ही शेजाऱ्यांना चौथी फांदी सोडायची. त्यासाठी शेजारी नीट दिसत असतील तर त्यांच्या चौथ्या फांदीचा शेंडा मोडायची घाई करू नका, दुसरी फूट आल्यावर आठवडाभर थांबा.

अजून एक, कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. सुतळ्या वरच्या तारेला बांधणार. एका ओळीत ७५ झाडं, फळासकट झाडाला चार किलो धरलं तरी तारेवर तीन क्विंटल लोंबतात. ही तार पॉलिहाऊसच्या पाइपांना बांधायच्या आधी तुमच्या सांगाड्यावर पिकाचा भार धरलाय का, ते उभारणाऱ्याकडून लेखी घ्या. धरला नसेल तर बेडच्या दोन्ही टोकांना वेगळे खांब रोवून बाहेरून ताण द्या, मधे तीन-चार मीटरवर टेकू. हे काम रोपं यायच्या आधी उरका, बेडवर झाडं उभी राहिल्यावर खड्डे घेता येत नाहीत.