श्रावणबाळचे पैसे दोन तुकड्यांत का येतात?

आमच्या आजीला (वय 76, हडपसर) श्रावणबाळ योजनेचे (राज्य सरकारची वृद्धांसाठीची पेन्शन) महिना 1500 मिळतात, पण पासबुकात एकदा 1300 आणि वेगळे 200 अशी एन्ट्री दिसते, आणि या वेळी 1300 आले पण 200 चा पत्ताच नाही. ऑफिसात विचारलं तर म्हणे ते केंद्राचे, आमच्या हातात नाही. नक्की भानगड काय?

— बरोबर सांगितलं हो त्यांनी, फक्त अर्धवट. आजी दारिद्र्यरेषेच्या यादीत असणार, म्हणून इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेचे 200 केंद्र देतं आणि वरचे 1300 राज्य भरतं. फॉर्म एक, तिजोऱ्या दोन, मग एक पुढे एक मागे होणारच.

— आणि गंमत ऐका, वयाची 80 वर्षं पूर्ण झाली की केंद्राचे 500 होतात, आपल्याला वाटतं वाढले, पण राज्य तेवढेच कमी करून 1000 देतं, आजीच्या हातात परत 1500च! केंद्राचे ते 200 कित्येक वर्षं हललेले नाहीत, राज्यानेच 2023 मध्ये एकूण रक्कम 1000 ची 1500 केली.

— आधी आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते बघा, माझ्या सासूबाईंचे पैसे दुसऱ्याच जुन्या खात्यात पडत होते आणि आम्ही इकडे हेलपाटे मारतोय!

— अरे हो, आजीचं एक पोस्टाचं खातं पण आहे... उद्याच बघतो, थँक्स.