चाचणी एकच, तिजोऱ्या वेगळ्या

‘निकाल वाईट असलेल्या सरकारी शाळेला पैसे का द्यायचे, ते मुलामागोमाग चार्टर (सरकारी पैशावर, पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या) किंवा खासगी शाळेत जाऊ द्या’ हे अमेरिकेतल्या शाळांबद्दलचं मत मला पटत नाही. चाचण्या हव्यात, हे मान्य. अमेरिकेत २००२ साली सही झालेल्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्याने गरीब, कृष्णवर्णीय, अपंग मुलांचे निकाल वेगळे दाखवायला लावले. नाहीतर ते शाळेच्या सरासरीत दडून जात. ही मोठीच गोष्ट होती.

पण निकालाआधी तिजोरी बघायला हवी. अमेरिकेत शाळांच्या खर्चाचा मोठा भाग स्थानिक मालमत्ता करातून येतो. टेक्सासच्या सॅन अँटोनियोतला खटला बघा. एजवूड या गरीब शालेय जिल्ह्यात (शाळांसाठी स्वतः कर गोळा करणाऱ्या स्थानिक विभागात) १०० डॉलरच्या मालमत्तेवर १.०५ डॉलर कर होता, श्रीमंत अलामो हाइट्समध्ये ०.८५. म्हणजे गरीब लोक जास्त दराने कर भरत होते! तरी त्यातून एजवूडला दर मुलामागे २६ डॉलर मिळत, अलामो हाइट्सला ३३३. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी ही पद्धत देशाच्या घटनेला धरून आहे असं ठरवलं. पुढची लढाई मग राज्यांच्या न्यायालयांत गेली. टेक्सासच्याच सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये हीच पद्धत टेक्सास राज्याच्या स्वतःच्या घटनेविरुद्ध ठरवली.

शिवाय दहा वर्गांतून एकेक मूल दुसरीकडे गेलं, तर शिक्षक, बस, इमारत यांतलं काहीच कमी होत नाही. निधी मात्र दहा मुलांचा जातो.