बंद पडलेली जावा २५०: उभी करू की विकू?

प्रश्न

काकांची जावा २५० मोटरसायकल माझ्याकडे आली आहे. जुनं ३५३ मॉडेल, मरून रंग, टाकीच्या बाजूंना क्रोम. शेवटची कधी चालली हे घरात कुणालाच नक्की सांगता येत नाही. शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. चाकं फिरतात, टायर तडकलेत. डावीकडचा सायलेन्सर खालून सडलाय. कार्ब्युरेटर जागेवर नाही, काकांनी काढून कुठंतरी ‘नीट’ ठेवला असणार. किक अजिबात बसत नाही, लिव्हर घट्ट. कागद सापडलेत, काकांच्याच नावावर.

घरचे म्हणतात, विकून मोकळा हो. ओळखीतले एक गृहस्थ जशी आहे तशी उचलायला तयार आहेत. मला टू-स्ट्रोक इंजिनातलं ओ की ठो कळत नाही, पण हौस आहे आणि रविवार मोकळे असतात. रंग आणि क्रोम करून घेऊन मग विकली तर बरे पैसे येतील, असंही डोक्यात आहे. काय करावं?

जुना किकवाला

शेवटचा विचार आधी डोक्यातून काढा. विकायचीच असेल तर रंगाला हात लावू नका. जुन्या गाड्यांचा जाणकार गिऱ्हाईक ताजा रंग बघितला की आधी संशय घेतो, खाली पुट्टी किती, वेल्डिंग कुठं. उडालेला का असेना, कंपनीचा रंग एकदा खरवडला की गेला. शिवाय क्रोमचा खर्च विक्रीत सहसा वसूल होत नाही.

आता लिव्हर. या गाडीत किक आणि गिअरचा लिव्हर एकच. तो आत दाबून वर फिरवल्याशिवाय किक लागत नाही. तसं करूनही घट्टच असेल तर पिस्टन चिकटलाय असं धरा आणि त्यावर उभं राहून जोर लावू नका. स्पार्क प्लग काढा, त्याच्या भोकातून पातळ ऑइल सोडा, काही दिवस विसरून जा. मग उजवीकडचं कव्हर उघडा, आत डायनामो (वीज तयार करणारा भाग) दिसेल. त्याच्या मधल्या बोल्टला पाना लावून घड्याळाच्या दिशेनं हलकेच दाब द्या. केसभर हलला तरी आनंद माना. नाही हलला तर पुन्हा ऑइल. हातोडा घेऊन कुणी मदतीला आला तर त्याला चहाला पाठवा.

इंजिन फिरलं म्हणजे सगळं झालं, असंही नाही. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेसमध्येच, म्हणजे पिस्टनखालच्या बंद पेटीत, दाब तयार होतो आणि तो धरून ठेवतात क्रँकच्या (पिस्टन फिरवतो त्या दांड्याच्या) दोन्ही टोकांची ऑइल सील, म्हणजे रबरी कडी. पडून राहून ती कडक होतात. क्लचकडचं गेलं तर इंजिन गिअर ऑइल ओढतं आणि पांढऱ्या धुराचे लोट काढतं, ते निदान दिसतं तरी. डायनामोकडचं गेलं तर नुसती हवा आत जाते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं आणि पिस्टन सिलिंडरमध्ये अडकतो. गाडी पहिल्या किकला सुरू झाली म्हणून लगेच लांब फेरी मारणारे इथेच फसतात. सील बदलायला इंजिन खोलावं लागतं, तेव्हा ते काम धरूनच हिशोब करा.

माझं मत विचाराल तर उभी करणं म्हणजे चकचकीत करणं नव्हे. चालती करा, थांबणारी करा, वायरिंग सुरक्षित करा. दिसायला आहे तशी राहू दे.

पाना नं. १४

मी थोडा वेगळा सूर लावतो. हौस आहे म्हणताय, पण हौस कशाची, चालवायची की खोलायची? चालवायचीच असेल तर विका आणि कुणीतरी आधीच नीट केलेली घ्या, बहुतेक वेळा स्वस्त पडते. खोललेली गाडी खोक्यांत भरून ठेवली की तिची किंमत उभ्या गाडीपेक्षा कमी होते, आणि अर्धे रिस्टोरेशन तिथेच मरतात. आणि काही ठरायच्या आत इंजिन व फ्रेमचे नंबर कागदाशी जुळवून बघा. नावावर करून घेणं तर विकायची असली तरी लागणारच.

प्रश्नकर्ता

नंबर दोन्ही जुळले. लिव्हर मी आत दाबतच नव्हतो, हे कबूल! पण दाबूनही घट्टच आहे. प्लगमधून ऑइल सोडलंय. कार्ब्युरेटर सापडला, खिळ्यांच्या डब्यात, जेटसकट (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या नळ्या). पाना नं. १४, तुमच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक ‘खोलायची’ असंच आहे.

जुना किकवाला

मग गिऱ्हाइकाला थांबायला सांगा, गाडी कुठं पळून जात नाही. नंबर जुळतात आणि कार्ब्युरेटर मूळचा आहे, म्हणजे सर्वांत अवघड भाग हातात आहे. गंजलेलं दुरुस्त होतं, हरवलेलं शोधताना जीव जातो. म्हणून तो सडका सायलेन्सरही भंगारात देऊ नका, नमुन्याला लागेल.

पुढचं काम: सिलिंडरला जोडलेले एक्झॉस्टचे (धुराचे) दोन्ही पाइप सोडवा. एक्झॉस्टच्या भोकातून टॉर्च मारली की पिस्टनची बाजू दिसते. नुसता तांबूस गंज असेल तर ऑइल मुरू द्या. उभे खोल ओरखडे असतील तर पाना लावूच नका, सिलिंडर वर ओढून बघावा लागेल आणि बोअरिंगचा (सिलिंडर आतून तासून घेण्याचा) खर्च येईल. फोटो टाका, टॉर्च जरा तिरकी धरून.