मिटलेली केस पुन्हा उघडते का?

दादा, परवाच्या भांडणात तुमचा मेव्हणा "जुनी मारहाणीची केस परत उघडतो" म्हणाला म्हणून झोप उडाली तुमची, पण आधी हे पहा नं, ती मिटली कुठे, कोर्टात की नुसती स्टॅम्प पेपरवर? साधी मारहाण म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ३२३, आताच्या भारतीय न्याय संहितेचं ११५(२), यात कोर्टासमोर तडजोड नोंदली असेल तर कायद्याने ते निर्दोष सुटल्यासारखंच, त्याच घटनेवर परत खटला नाही चालत. पण नुसत्या स्टॅम्प पेपरने केस बंद होत नाही हो, आमच्या काकांनी तोच कागद सहा वर्षं पिशवीत जपला अन् एक दिवस समन्स घेऊन शिपाई दारात, काकूचं लाटणं पोळपाटावर तसंच थांबलं होतं, मला अजून दिसते ते. सोबत ४९८अ, म्हणजे बायकोच्या सासरी छळाचं कलम, असेल तर तडजोडीनंतरही हायकोर्टातून, म्हणजे आपल्या नागपूरच्या सिव्हिल लाइन्सच्या खंडपीठातून, रद्द करून घ्यावं लागते. परवाच्या भांडणाची तक्रार मात्र तो नवीन देऊ शकतो, ती वेगळी बाब. उद्याच निकालाच्या सर्टिफाइड कॉपीसाठी अर्ज टाका, अन् वहिनींना मध्ये नका घालू, दोन्हीकडून त्यांचीच ओढाताण होते.