हजेरी चेहऱ्याने लागते, सिस्टर कुठे सापडते?

रामबागकर: काल इथे एका महाशयांनी ठोकून दिलं की सरकारी दवाखान्यात डॉक्टर-नर्सेसची मोबाइलवर चेहरा दाखवून, जीपीएससकट हजेरी घ्या, पेशंटला माणूस आपोआप मिळेल. अहो, मेडिकल कॉलेजांतल्या डॉक्टरांना 2025 पासून तेच लागू आहे. त्यातून एवढंच कळतं की माणूस आवारात आहे. वॉर्डात की कँटीनमध्ये, ते कोण सांगणार? राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात आरोग्य उपकेंद्रांच्या नर्सेससाठी वेळ छापणारी यंत्रं बसवली होती. आधी हजेरी वाढली, मग वरिष्ठांकडून नर्सेसना 'आज सूट' देण्याचा सपाटा सुरू झाला आणि 16 महिन्यांत सगळं मुसळ केरात. अर्थतज्ज्ञ बॅनर्जी-डुफ्लोंनी 2008 मध्ये छापलंय.

मालवी_मिरची: अर्धंच सांगून राहिलात भिया. कर्नाटकातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत अंगठ्याच्या हजेरीने डॉक्टर हलले नाहीत, पण नर्सेस वगैरे मंडळी जास्त येऊ लागली आणि कमी वजनाची बाळं जन्मायचं प्रमाण घटलं. ते नाही दिसलं?

रामबागकर: दिसलं. डॉक्टर हलले नाहीत, हेही तुम्हीच लिहिलंत. आभार.

निवृत्त_सिस्टर: दोघेही हजेरीतच अडकलात. नर्सिंग कौन्सिलच्या हिशेबाने शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक नर्स हवी. मी रात्री अख्खा वॉर्ड एकटीने सांभाळलाय. त्यात कॉम्प्युटर आला. ताप आधी कागदावर, मग रजिस्टरात, मग स्क्रीनवर. सर्व्हर बसला की पुन्हा पहिल्यापासून. तोवर तिकडे सलाइन संपून नळीत रक्त चढलेलं. आणि बाकीचा वेळ नातेवाइकांचा! एका खाटेभोवती पाच जण, पोहे-जलेबीचा पुडा उघडलेला, आणि प्रत्येकाचा तोच प्रश्न, "सिस्टर, रिपोर्ट आला का?"

सुदामानगर_वाले: नातेवाईक कशाला येतात माहीतय? माझ्या आईला सोनोग्राफीला न्यायचं तर वॉर्डबॉय जेवायला गेलेला. स्ट्रेचर मी आणि मेव्हण्याने ढकललं, एक चाक आडवं झालेलं, लिफ्टपाशी अडकलं. आम्ही नसतो तर?

निवृत्त_सिस्टर: दोघे होतात ना? बाकीचे तिघे काय करत होते? पोहेच ना?

सुदामानगर_वाले: ताई, वयाने मोठ्या आहात म्हणून गप्प बसतो.

मालवी_मिरची: गप्प कुठे बसलात, लिहूनच राहिलात. पासची पद्धत कडक करा, एका पेशंटमागे एक माणूस.

सुदामानगर_वाले: हो, आणि तो एक माणूस औषध आणायला खाली गेला की म्हातारीला बाथरूमला कोण नेणार, तुमचं अ‍ॅप?

रामबागकर: विषय स्टाफचा होता, पोह्यांचा नव्हे.

निवृत्त_सिस्टर: विषय तोच आहे. रिपोर्ट थेट घरच्यांच्या मोबाइलवर गेला तर माझे निम्मे प्रश्न वाचतात. ओपीडीच्या नोंदणी खिडकीवरचं ते आभा, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचं, क्यूआर स्कॅन बघा. पेशंट स्वतः स्कॅन करतो, टोकन मिळतं, नाव-पत्ता कुणाला टाइप करावा लागत नाही. असं काही वॉर्डात आणा.

मालवी_मिरची: म्हणजे शेवटी मोबाइलच लागला. मग काल त्या महाशयांना एवढं झोडपलं कशाला?

रामबागकर: त्यांनी कॅमेरा सिस्टरच्या तोंडावर धरलाय. ताई टायपिंग काढा म्हणतायत. बरं, तुमचं कर्नाटक मान्य, नर्सेसपुरतं.

सुदामानगर_वाले: आणि स्ट्रेचरचं चाक?